उशाशी पाण्याची वाटी

आमच्या घरात प्रत्येकाच्या उशाशी पाण्याची वाटी असायची आणि वाटीत सुती कापडाचा एक तुकडा. सकाळी जाग आली तरी डोळे उघडायचे नाहीत. चाचपडत वाटी शोधायची, ओलं कापड पापण्यांवर ठेवायचं आणि पापण्या नीट भिजल्या की हळूहळू डोळे उघडायचे. विसरून एकदम उघडले, तर डोळ्यावरची साल निघाल्यासारखी कळ यायची. मग दोन-तीन दिवस लाल डोळा, सतत पाणी आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत पडून राहणं.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची वाटी पितळी होती. आत्याची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्या घरी असंच असतं; लोक दात घासतात तसे डोळेही भिजवतात. एकदा मामाच्या गावी गेलो आणि झोपताना वाटी मागितली. मामीला वाटलं, पोराला तहान लागली. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. त्या दिवशी कळलं की ही वाटी फक्त आमची आहे.

गावात आम्हाला आडनावानं कोणी ओळखत नसे. ‘मिचक्यायचं घर’ म्हणत. घरातले पुरुष डोक्याचा दुपट्टा भुवयांपर्यंत ओढून चालत, बायका पदर. आबा शेतात उजाडायच्या आधी जात आणि उन्हं चढली की परतत. विचारलं तर म्हणायचे, कपाशीच्या धुळीनं डोये जातात. माझ्या धाकट्या भावाला मात्र कधीच वाटी लागली नाही, आणि जन्मभर कपाशी त्यानंच केली. हे आबांनाही दिसत असणार. आम्ही कोणीच त्यावर बोललो नाही.

आणखी एक रीत होती. आमच्याकडे मुलगी पाहायचा कार्यक्रम नेहमी दिवेलागणीला व्हायचा. आमचा मुलगा पाहायला कोणी येणार असेल तरी तेव्हाच. दिवेलागणीची वेळ लक्ष्मीची, असं आत्या पाहुण्यांना सांगायची. माझं लग्नही तसंच ठरलं. सुनंदानं मला पहिल्यांदा पाहिलं ते कंदिलाच्या उजेडात, आणि त्या उजेडात माझे डोळे चांगले टपोरे दिसत होते. तसं ती नंतर म्हणाली. हसून म्हणाली, पण एकदाच.

निदानाचा दिवस

मेहकरला माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, शाळांचे ग्रुप फोटो. चाळिशी ओलांडली तशी नजर धुरकट होऊ लागली. फोकस कॅमेरा स्वतःच करतो, म्हणून बरीच वर्षं निभावलं. मग एका लग्नाच्या अल्बममध्ये मी नवरीची आई समजून दुसऱ्याच बाईचा फोटो पहिल्या पानावर लावला. गिऱ्हाईक दुकानात येऊन शांतपणे म्हणालं, भाऊ, आता पोराले काम शिकवा. मला पोरगा नाही. एकच मुलगी आहे, पल्लवी.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टर बाई वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी यंत्रातून माझ्या डोळ्याचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला. जन्मभर मी माणसांचे डोळे फोटोत पाहिले, पण असा डोळा पाहिला नव्हता. बाहुलीच्या पुढची जी काच, तिच्यात बारीक चमकते धागे होते, एकमेकांत अडकलेले, आणि मधोमध साय धरल्यासारखं. त्या म्हणाल्या, याला लॅटिस डिस्ट्रॉफी म्हणतात. लॅटिस म्हणजे जाळी. जाळी वाढत जाते, तिच्यामुळे वरचा पापुद्रा पक्का चिकटत नाही, म्हणून सकाळी पापणीबरोबर सोलून निघतो.

मग त्यांनी विचारलं, “हा आजार घराण्यातून येतो. एका पालकाला असला, तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. तुमच्या घरात अजून कोणाला आहे?”

मी म्हणालो, “नाही.”

“वडिलांना?”

“त्यांना मोतीबिंदू होता.”

“मुलं?”

“एक मुलगी. तिला काही नाही.”

सुनंदा शेजारच्या स्टुलावर माझी फाईल मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर म्हणाल्या, तरी मुलीला एकदा दाखवून घ्या. मी हो म्हणालो.

परतीच्या एसटीत जालना सुटलं. सुनंदा खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, “अन् पल्लवीच्या उशाशी वाटी कायले असते?”

मी म्हणालो, तिचं लग्न तर होऊ दे आधी.

“मंग? लग्न झाल्यावर वाटी आंदणात देता काय?”

मी तिच्या मांडीवरची फाईल घेऊन पिशवीत घातली.

पल्लवी शाळेत अगदी खालच्या वर्गात होती, तेव्हाची एक सकाळ सांगतो. ती एकदम किंचाळून उठली. डोळा मुठीनं दाबून धरलेला. ते रडणं मी ओळखलं. ते माझंच होतं. सुनंदा धावत आली आणि विचारू लागली की काय झालं. मी म्हणालो, कचरा गेला असेल. आणि स्वयंपाकघरात जाऊन एक स्टीलची वाटी घेऊन आलो, पाणी भरलं आणि तिच्या उशाशी ठेवली. दवाखान्यात नेलं नाही. आबांनी मला नेलं नव्हतं आणि त्यांना कोणी नेलं नव्हतं. आमच्या घरात बाप एवढंच करत आला होता.

पाहुण्यायचे थेंब

एवढ्यावर थांबलो असतो, तर आज निदान थोडं कमी लिहावं लागलं असतं.

लाल डोळ्यावर एका मेडिकलवाल्यानं मला थेंब दिले होते. घातले की तासाभरात डोळा पांढरा स्वच्छ. कळही कमी. डॉक्टरची चिठ्ठी लागली नाही. ती बाटली मी घरी आणून ठेवली. पल्लवीच्या शाळेचा फोटो असला, कोणाचं लग्न असलं, कॉलेजचं गॅदरिंग असलं की मी तिला मांडीवर डोकं ठेवायला सांगायचो आणि थेंब घालायचो. घरात त्या बाटलीला नाव पडलं होतं, ‘पाहुण्यायचे थेंब’. आत्या मला म्हणायची, बापू, पाहुण्यायचे थेंब सरत आले, घेऊन ये. पुढे पल्लवी क्लासमध्ये गणित शिकवायला लागली. फळ्याकडे आणि खिडकीकडे पाहून डोळे लाल व्हायचे, म्हणून ती स्वतःच थेंब घालू लागली. बाटली तिच्या पर्समध्ये गेली. मी नवी आणून देत राहिलो.

दुसऱ्याचा डोळा

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पुढची काच बदलायची. काच म्हणजे कोणीतरी गेल्यावर त्याच्या घरच्यांनी दिलेली. ती कधी मिळेल हे सांगता येत नाही, म्हणून फोनची वाट पाहायची. फोन आला तेव्हा मी स्टुडिओत एका बाळाचा फोटो काढत होतो. बाळ हसतं होईपर्यंतही थांबलो नाही.

वॉर्डात सगळे एका डोळ्याचे. सकाळी पट्टी काढायची, थेंब, तपासणी, पुन्हा झाकण. दुपारी थेंब, संध्याकाळी थेंब. केरळकडची एक सिस्टर होती, तिला मराठीतले मोजके शब्द येत. त्यातला एक कायम तोंडात, “वर पाहा, काका.” शेजारच्या खाटेवर संग्रामपूरकडचा एक शेतकरी होता. कापलेल्या तुरीचं खुट लागून त्याचा डोळा गेला होता. त्यालाही त्याच दिवशी काच बसवली होती. तो मला म्हणाला, “एकाच माणसाचे दोन डोये असतीन ना बे, त आपण सख्खे भाऊ झालो.” मी बऱ्याच दिवसांनी हसलो. हसताना टाका ओढला गेला तरी हसलो. त्याची बायको भाकरी आणि ठेचा आणायची आणि मला न विचारता अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकायची. आजारपणात कामाला येतात त्या अशाच गोष्टी. मोठी माणसं भेटायला येऊन सल्ले देऊन जातात.

पण त्या खाटेवर पडून एक विचार जात नव्हता. कोणाच्या तरी घरी माणूस गेलं. रडता रडता त्यांनी डोळे दिले, आपलं नाव न सांगता. आणि मी माझ्या घराचं एक खरं वाक्य डॉक्टरला देऊ शकलो नव्हतो.

सुटी मिळाली त्या दिवशी सिस्टरनं पल्लवीला बसवून शिकवलं, बापाच्या डोळ्यात थेंब कसे टाकायचे. हात धुवायचे, खालची पापणी बोटानं ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. पल्लवी लक्ष देऊन शिकली. मग डॉक्टर बाईंनी बाटल्या समजावून सांगितल्या. त्यातल्या एकीवर बोट ठेवून म्हणाल्या, हे थेंब सांगितल्याशिवाय थांबवायचे नाहीत आणि सांगितल्याशिवाय वाढवायचेही नाहीत. यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो. वाढला तर दुखत नाही, कळत नाही, आतली नस वाळत जाते. म्हणून दर वेळी आम्ही दाब मोजू.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी नजर साफ झाली. सुनंदाचा चेहरा दिसला. ती मला आठवत होती त्यापेक्षा बरीच म्हातारी झाली होती. मग एका दुपारी पल्लवीची पर्स टेबलावर होती आणि पाहुण्यायचे थेंब तिच्यातून अर्धे बाहेर आलेले. मी बाटली उचलून नव्या डोळ्यानं वरची अक्षरं वाचली. कंपनी वेगळी होती. औषधाचं नाव मात्र डॉक्टर बाईंनी बोट ठेवलेल्या बाटलीवरचंच होतं.

मला त्या दुपारी कळलं. मला माहीत नव्हतं, असं यापुढे म्हणता येणार नाही. पण पल्लवीसाठी एक स्थळ आलं होतं, चिखलीकडचं. मुलगा बुलढाण्याला सरकारी ऑफिसात. पंधरवड्यात ते पाहायला येणार होते. मी मनाशी म्हणालो, एवढा कार्यक्रम होऊ दे, मग थांबवू. बाटली पुन्हा पर्समध्ये ठेवली.

फोटो

स्थळाकडे पाठवायला मी तिचा फोटो काढला. आमच्या धंद्यात डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्याला फार महत्त्व. स्टुडिओच्या दिव्याला पांढरी छत्री लावली की बुबुळावर तिचा गोल, स्वच्छ ठिपका पडतो आणि माणूस जिवंत दिसतं. पल्लवीचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि पाहिलं. ठिपका फुटलेला होता. काठ दातेरी, मधे भेगा. फुटक्या काचेत चंद्र पाहावा तसा. आधीच्या तिच्या फोटोंतही तो तसाच असणार. माझ्या जुन्या डोळ्याला दिसला नव्हता.

मी दुसऱ्या एका मुलीच्या फोटोतून गोल ठिपका उचलला आणि पल्लवीच्या दोन्ही डोळ्यांत बसवला. हात सफाईनं चालला. फोटो छान आला, सगळे म्हणाले.

अंगणात

कार्यक्रम दिवेलागणीचा ठरला होता. त्याच दिवशी सकाळी फोन आला की पाहुण्यांना संध्याकाळी दुसरीकडे जायचं आहे, दुपारीच येतो. आत्या म्हणाली, त्याईले सांग, दुपारी चांगली येळ नाही. पण नाही म्हणणार कसं? मी खिडक्यांचे पडदे ओढले आणि पल्लवीला हाक मारली.

ती पलंगावर आडवी झाली. मी बाटलीचं टोपण काढलं. तेव्हा ती म्हणाली, “बाबा, डाव्या डोळ्यानं मले बाजूचं कमी दिसून राह्यलं. काल स्कूटीवर होती त एक म्हातारी दिसलीच नाही. एकदम समोर आली.”

मी म्हणालो, “उद्या दाखवू.”

आणि थेंब टाकले. दोन्ही डोळ्यांत.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, मामा. पोहे झाले, प्रश्न झाले. पल्लवी नीट बोलली; तिला बोलता येतं. तेवढ्यात लाईट गेली. पडदे ओढलेल्या खोलीत गुदमरायला झालं, तेव्हा मामा उठले आणि म्हणाले, चला हो, अंगणात बसू. सगळे उठलेच. खुर्च्या बाहेर गेल्या.

त्या उन्हात पल्लवीचे डोळे मिटले ते उघडेनात. गालांवरून पाणी वाहायला लागलं.

“काऊन व पोरी, आतापासूनच रडून राह्यली?” मामा म्हणाले. “अजून त ठरलंबी नाही.”

सगळे हसले. आत्यानं लगेच धागा पकडला, मायले सोडून जा लागते ना, मायाळू आहे पोरगी.

पल्लवीनं ओढणीनं गाल पुसले. डोळे मिटलेलेच ठेवून ती बोलली, आवाज न चढवता. “रडत नाही मी. उजेड सहन होत नाही मले. बाबाले आहे, आबाले होतं, आत्यालेबी आहे. घराण्याचंच आहे.”

मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. “तुमचं त मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हनत होते ना, भाऊ?”

तसंच सांगितलं होतं मी. उजव्या डोळ्यात अजून टाके होते. त्यांना ते दिसत नव्हते, पण मी तो डोळा खाली घातला.

ते लोक वाईट नव्हते. चहा पिऊन गेले. कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. आत्या संध्याकाळपर्यंत बडबडत होती की घरातलं अंगणात मांडलं पोरीनं. सुनंदा भांडी घासता घासता म्हणाली, “तिनं नसतं मांडलं त तुमी कधी मांडलं असतं, आत्याबाई?” आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला.

दुसऱ्यांदा तोच प्रश्न

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टर बाईंसमोर बसलो. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मी सांगू लागलो. आबा. आत्या, पण कमी. आजोबांचं ऐकून, तेही दुपट्टा ओढून चालायचे. भावाला नाही. मला. हिला. वाटीचंही सांगितलं. त्या कागदावर पुरुषांचे चौकोन आणि बायकांचे गोल काढत गेल्या आणि ज्यांना आजार आहे ते काळे भरत गेल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पल्लवीच्या डोळ्यांत तेच धागे होते, अजून विरळ. त्या म्हणाल्या, याची एवढी भीती नको. पुढे लागलंच तर काच बदलता येते, वडिलांची बदललीच आहे. मग दाब मोजला. पुन्हा मोजला. विचारलं, कोणते थेंब घालता? पल्लवीनं पर्समधून बाटली काढून दिली.

“किती वर्षं?”

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, लहानपणापासून, अधूनमधून. क्लास सुरू केल्यापासून जवळजवळ रोज.

एका अंधाऱ्या खोलीत तिची बाजूची नजर तपासली. कागद बाहेर आला तेव्हा डाव्या डोळ्याच्या आकृतीत एक कडा काळी होती. उजव्यात थोडी सुरुवात. डॉक्टर म्हणाल्या, आता दाब उतरवायचे थेंब जन्मभर घ्यायचे. आहे ते टिकवू. गेलं ते परत येत नाही.

आजार मी दिला, पण तो देणं न देणं माझ्या हातात नव्हतं. थेंब मात्र मी हातानं दिले. काच बदलून मिळते. दुसऱ्याचं माणूस गेलं की मिळते. मी जे घालवलं ते कोणाच्याही मरणानं मिळणार नाही.

परतीच्या वाटेवर पल्लवीनं विचारलं. “थेंबानं असं होते, हे तुमाले कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. बोललो नाही. म्हणालो, “कार्यक्रमाच्या आधी.”

“मंग त्या दिवशी टाकले ते कोनासाठी टाकले, बाबा? माह्यासाठी का पाहुण्यायसाठी?”

एसटीत माणसं होती. ती माझ्याकडे पाहत उत्तराची वाट पाहत होती. चिखली आली, माणसं उतरली, नवी चढली, गाडी निघाली. मग तिनं तोंड फिरवलं.

आता

हे लिहितो आहे ते ज्यांच्या घरात अशी वाटी असेल त्यांच्यासाठी. तुमच्याकडे वाटी नसेल, दुसरं काही असेल. घरातले सगळे करतात आणि का करतात ते कोणी विचारत नाही, असं काहीतरी. डॉक्टरनं विचारलं की घरात कोणाला आहे, तर सगळ्यांची नावं सांगा, मेलेल्यांचीही. लाल डोळा पांढरा करणारे थेंब चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि एक सांगतो, ते सांगताना जीव जळतो. त्या सकाळच्या कळेवर डॉक्टरांनी पल्लवीला दिलं ते रात्री झोपताना घालायचं साधं मलम. ते घालायला लागल्यापासून ती एकदाही किंचाळून उठलेली नाही. स्टीलची वाटी सुनंदानं कोथिंबीर ठेवायला घेतली. आबा, आत्या, मी, पल्लवी, एवढ्या वर्षांच्या सकाळी कळ सोसत गेल्या, आणि औषध एवढंसं.

पल्लवीनं नवा फोटो काढून घेतला. माझ्या स्टुडिओत नाही, बसस्टँडजवळच्या पोराकडे. डोळ्यातला ठिपका फुटका आहे, तसाच ठेवला आहे. बायोडाटावर तिनं आजाराची एक ओळ स्वतः टाकली आहे. अजून कुठून काही आलेलं नाही.

तिचे थेंब ती स्वतः टाकते, आरशासमोर उभी राहून. एकदा मी म्हणालो, दे, मी टाकतो. ती टोपण लावत म्हणाली, “नको.” आवाजात राग नव्हता. पण तेव्हापासून मी विचारलं नाही.

माझे थेंब मात्र तीच टाकते. सिस्टरनं शिकवलं तसे, हात धुऊन, रोज क्लासला जाण्याआधी. एक दिवसही चुकलेली नाही. बोट खालच्या पापणीवर येतं, थंड आणि अगदी स्थिर. “वर पाहा,” म्हणते. दिवसभरात माझ्याशी बोलते ते बहुतेक एवढंच. मी वर पाहतो. थेंब पडेपर्यंत तिचा चेहरा मला दिसत नाही.